हाक बॅशला, ओ भलत्याचीच

"अहो, तो काळा चौकोन उघडतो आणि पापणी लवायच्या आत मिटतो. मागच्या वेळी तुम्ही नीट केलं होतंत ना?"

लोकल कुर्ल्याच्या अलीकडे रखडली होती तेव्हा हा फोन आला. मस्जिद बंदरला क्लिअरिंग एजंटची, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याची, एक छोटी पेढी आहे. तिथल्या अकाउंट्सच्या काकू बोलत होत्या. दुखणं एकच, आणि त्यासाठीचा हा तिसरा फोन. आधीच्या दोन्ही वेळा मी "झालं काकू" म्हणून चहा पिऊन निघालो होतो. तिसऱ्या वेळी कळलं की दोन्ही वेळा नुसती मलमपट्टी करून आलो होतो. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून (तो काळा चौकोन) शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांड लिहून ठेवलेली फाइल, चालवणाऱ्या आणखी कुणाचं तरी असंच होत असणार.

आधी एक सांगतो. फोनवर काकूंना जशा सांगतो, तशाच कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

तिथे चालतं ते असं. दिवसभर बिल ऑफ एंट्रीचे आणि इतर कागदांचे स्कॅन एका फोल्डरमध्ये पडतात. रात्री एक स्क्रिप्ट पार्ट्यांची यादी वाचते, प्रत्येक पार्टीच्या नावाचं फोल्डर नसेल तर बनवते आणि फाइली ज्याच्या त्याच्या घरी नेऊन ठेवते. ती लिहिली शेठच्या भाच्याने. तो लिनक्सवाला, आता पुण्याला असतो. फाइलचं नाव 'रात्र डॉट एसएच'. कॉम्प्युटर विंडोजचा, म्हणून त्यावर गिट (फाइलींमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं, कारण गिटबरोबर बॅश येतं, आणि लिनक्सच्या अशा स्क्रिप्ट चालवतं ते बॅशच. शिवाय डबल क्लिक करता यावं म्हणून एक बॅच फाइल, म्हणजे विंडोजची स्वतःची स्क्रिप्ट. तिच्यात दोनच ओळी: स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जा, आणि 'बॅश रात्र डॉट एसएच' म्हण.

ही दुसरी ओळच सगळ्याच्या मुळाशी होती. ते कळायला मला तीन फेऱ्या लागल्या.

काळा चौकोन मिटतो त्याचं आधी उरकतो, कारण तो आजार नाही. काम संपलं की विंडो बंद होते, मग काम फत्ते झालेलं असो की फसलेलं. एरर वाचायची तर डबल क्लिक करायचंच नाही. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून आपण स्वतः काळी विंडो उघडायची आणि तिच्यात बॅच फाइलचं नाव द्यायचं. मग एरर पळून जात नाही. फोल्डर डी-ड्राइव्हवर असेल तर नुसत्या 'सीडी'ने तिथे जाता येत नाही. 'सीडी'नंतर 'स्लॅश डी' द्यावा लागतो, नाहीतर विंडो मुकाट्याने सी-ड्राइव्हवरच बसून राहते. नुसतं 'रात्र डॉट एसएच' टाइप करूनही भागत नाही. कुठल्या शेपटीच्या फाइली थेट चालवायच्या याची विंडोजकडे 'पाथएक्स्ट' नावाची यादी असते. तिच्यात ईएक्सई, बॅट, सीएमडी वगैरे असतात, एसएच नसतं. त्यामुळे ती शेपटी कुठल्याच ॲपशी जोडलेली नसेल तर फाइल कशाने उघडायची असं विंडोज विचारतं, आणि एडिटरशी जोडलेली असेल तर सरळ एडिटरमध्ये उघडून दाखवतं. फाइल उघडणं वेगळं आणि चालवणं वेगळं.

आता पहिला फोन. तेव्हा एरर सरळ होती: 'बॅश' इज नॉट रेकग्नाइज्ड. गिट बसवताना नेहमीचेच पर्याय निवडले तर पाथमध्ये (कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांच्या यादीत) गिटचं 'सीएमडी' नावाचं फोल्डर जातं, आणि त्यात बॅश नसतं. ते असतं शेजारच्या 'बिन'मध्ये. मी ते 'बिन' युजरच्या पाथमध्ये घातलं, नवी काळी विंडो उघडली (जुन्या विंडोला नवा पाथ कळत नाही, ती उघडतानाचाच धरून बसते) आणि स्क्रिप्ट पळाली. चहा झाला, मी निघालो.

त्यानंतर दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या फोनच्या वेळी एरर निराळीच. 'डॉलर, अवतरणात बॅकस्लॅश आर, कमांड नॉट फाउंड', आणि हेच ओळीमागून ओळ. स्क्रिप्टला कुणी हात लावलेला नव्हता. "आम्ही काही केलं नाही हो," असं काकू म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. अशा वेळी आपण गिऱ्हाईकावर विश्वास ठेवत नाही, ही आपली खोड. स्क्रिप्टला कुणी शिवलं नव्हतं, पण मधल्या काळात दुसऱ्या एका माणसाने त्याच कॉम्प्युटरवर कुठल्याशा नव्या सॉफ्टवेअरसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) सुरू करून उबुंटू नावाचं लिनक्स टाकलं होतं. मी तिकडे पाहिलंच नाही. 'बॅकस्लॅश आर' दिसला आणि ओळखीचा चोर भेटल्यासारखा मी त्याच्याच मागे लागलो.

तो चोर कोण, हे सांगायला मला टायपिंगच्या क्लासात जावं लागेल. मी शिकलो तेव्हा मशीन गोदरेजचं होतं. संपूर्ण भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर १९५५ साली याच कंपनीने काढला. ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग डाव्या हाताने तो लोखंडी दांडा ढकलायचा. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. रूळ एक घर फिरून कागद वर सरकायचा, आणि अख्खी कॅरेज उजवीकडे जाऊन पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायची. कागद सरकणं म्हणजे लाइन फीड आणि कॅरेज परतणं म्हणजे कॅरेज रिटर्न. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते आणि आस्की तक्त्यात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, ते तसेच आले: लाइन फीड १०, कॅरेज रिटर्न १३. युनिक्सवाल्यांनी (लिनक्स त्यांच्याच वळणाचं) ठरवलं की फाइलमध्ये ओळ संपल्याची खूण म्हणून एकटा १० पुरे. डॉसने आणि पुढे विंडोजने १३ आणि १० ही जोडी ठेवली. म्हणजे विंडोजच्या पद्धतीने सेव्ह झालेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारा १३ लटकत असतो. लिनक्सच्या बॅशला तो कमांडचाच भाग वाटतो. रिकाम्या ओळीवर तर तो एकटाच सापडतो, मग बॅश म्हणतं, या नावाची कमांड माझ्याकडे नाही.

हे डोळ्यांनी बघायचं तर 'कॅट', मग 'डॅश कॅपिटल ए' आणि फाइलचं नाव. ओळीच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह दिसलं तर ठीक. डॉलरच्या आधी टोपीवाला एम, म्हणजे कॅरट एम, दिसला की तोच आपला १३. स्क्रिप्टला थेट नावाने हाक मारली तर हाच एम 'बॅड इंटरप्रिटर' या एररमध्येही स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतल्या बिन-बॅशच्या मागे चिकटलेला दिसतो. औषध 'डॉस-टू-युनिक्स'. टाइप करताना मधला 'टू' म्हणजे आकडा दोन. गिटबरोबर ते येतंच, उबुंटूत वेगळं घालावं लागतं.

मी ते चालवलं. १३ गेले आणि पुढची एरर आली: 'स्लॅश सी स्लॅश काम' असं फोल्डर नाही. मी स्क्रिप्टमध्ये सगळीकडे त्याचं 'स्लॅश एमएनटी स्लॅश सी स्लॅश काम' केलं आणि ती चालली. इथे खरं तर थांबून विचारायला हवं होतं: काल चालणारा पत्ता आज का चालत नाही? पण चहा आला होता.

दुसऱ्या दिवशी काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो: "एकाच पार्टीची दोन फोल्डरं कशी?" आणि होतीही तशीच, एकाखाली एक, अक्षरन् अक्षर सारखं नाव. विंडोज एका जागी एकाच नावाची दोन फोल्डरं ठेवूच देत नाही. मी फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी एक चमत्कारिक ठिपका दिसला. काकूंनी आदल्या दिवशी नवी पार्टी घालून यादी एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली होती, म्हणजे यादीत प्रत्येक नावामागे पुन्हा तोच १३. मी स्क्रिप्ट धुतली होती, यादी धुतली नव्हती. बॅशने प्रत्येक नाव १३सकट वाचलं आणि १३सकटच फोल्डर बनवलं. विंडोजला ते अक्षर नावात चालत नाही, म्हणून डब्ल्यूएसएल त्याच्या जागी एक बदली चिन्ह बसवतं. तोच तो ठिपका.

यावर उपाय म्हणून यादी 'नीट सेव्ह करा' असं माणसाला सांगण्यात अर्थ नाही. काकू एक्सेलच वापरणार आणि त्यांनी तेच वापरावं. स्क्रिप्टनेच यादी वाचण्याआधी ती 'टीआर, डॅश डी, अवतरणात बॅकस्लॅश आर' यातून गाळून घ्यावी. एवढी एक भर पडली आणि भुतांची फोल्डरं थांबली. बनलेली मात्र हाताने रिकामी करावी लागली, त्यात अर्धा दिवस गेला.

मग तिसरा फोन, लोकलमधला. भाच्याने स्क्रिप्टमध्ये काहीतरी सुधारणा केली होती आणि फोनवरून काकूंना आधी 'गिट रीसेट, डॅश डॅश हार्ड' (इथले बदल टाकून दे) आणि मग 'गिट पुल' (नवी प्रत ओढून आण) करायला लावलं होतं. माझे सगळे बदल वाहून गेले आणि 'बॅकस्लॅश आर'ची माळ परत आली. भाच्याकडची फाइल तर शुद्ध युनिक्सची. मग हे १३ आले कुठून? गिटनेच घातले. विंडोजवर गिट बसवताना 'ऑटोसीआरएलएफ'चा जो पर्याय आधीपासून निवडलेला असतो, तो फाइल बाहेर काढताना ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे करतो आणि परत घेताना युनिक्सचे. आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण मग पहिली दोन वर्षं काय झालं होतं? तेव्हाही गिट हेच करत असणार. या प्रश्नावर मात्र मी मस्जिद स्टेशनचा जिना उतरताना अडलो, आणि वर गेल्यावर पहिल्यांदा ते टाइप केलं जे पहिल्याच दिवशी टाइप करायला हवं होतं:

व्हेअर बॅश

दोन ओळी आल्या. पहिली सी-ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, बॅश डॉट ईएक्सई. दुसरी गिटच्या बिनमधली.

चाळीत दोन जोशी असले आणि खालून कुणी नुसतंच "जोशी!" ओरडलं, तर जो जिन्याजवळ राहतो तोच आधी खिडकीत येतो. इथेही तेच. सिस्टम३२ मधलं बॅश म्हणजे डब्ल्यूएसएलचा दरवाजा. २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये डब्ल्यूएसएल आलं ते याच नावाने हाक ऐकत. विंडोज आधी सिस्टमचा पाथ वाचतं आणि युजरचा त्याच्या मागे जोडतं. मी गिटचं बिन युजरच्या पाथमध्ये घातलं होतं, म्हणजे ते कायम रांगेत मागे. डब्ल्यूएसएल नव्हतं तोवर बॅश एकच होतं, म्हणून रांगेचा प्रश्नच आला नाही. ते आलं त्या दिवशी नाव तेच राहिलं आणि माणूस बदलला.

मग सगळं जुळलं. गिटचं बॅश विंडोजवर राहूनच वाढलेलं आहे. स्क्रिप्टच्या ओळींच्या शेवटी १३ असला तरी ते बऱ्याचदा चालवून घेतं. म्हणून दोन वर्षं चुकीचे शेवट कुणाला दिसले नाहीत. उबुंटूचं बॅश असं काही चालवून घेत नाही. पत्त्यांचंही तसंच. सी-ड्राइव्हला गिट बॅश 'स्लॅश सी' म्हणतं, डब्ल्यूएसएल 'स्लॅश एमएनटी स्लॅश सी', आणि कुठे सिग्विन (विंडोजवर बॅश देणारं आणखी एक सॉफ्टवेअर) असेल तर ते 'स्लॅश सिगड्राइव्ह स्लॅश सी'. खोली एकच, पत्ते तीन. बॅकस्लॅशसकट विंडोजचा पूर्ण पत्ता डब्ल्यूएसएलच्या बॅशला नुसता दिला तर ते बॅकस्लॅश खाऊन टाकतं, आणि एररमध्ये 'सी कोलन कामरात्र डॉट एसएच' असं सगळं एकाला एक चिकटलेलं नाव दिसतं. ते चिकटलेलं नाव दिसलं की पुढचं काही तपासूच नका, भलत्या बॅशने ओ दिलेली आहे.

आणखी एक प्रकार पाहिलाय, दुसऱ्या ऑफिसात. तिथे डब्ल्यूएसएल डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरसाठी सुरू झालं होतं आणि डॉकरने स्वतःपुरती जी छोटी डिस्ट्रो (उबुंटूसारखी लिनक्सची एक आवृत्ती) बनवली होती, तीच मुख्य ठरली होती. तिच्यात बॅश नसतंच. म्हणजे हाक मारली, दार उघडलं आणि घर रिकामं.

आता पक्कं काय केलं ते. पाथची क्रमवारी बदलण्याच्या फंदात पडलो नाही. सिस्टमच्या पाथमध्ये गिटचं बिन वर आणता येतं, पण उद्या तिसरा कुणी येऊन आणखी काही बसवेल आणि आपण पुन्हा कुर्ल्याला फोन घेत बसू. बॅच फाइलमध्ये नुसतं नाव न लिहिता पूर्ण पत्ता लिहिला: सी-ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, गिट, बिन, बॅश डॉट ईएक्सई. सगळा दुहेरी अवतरणात, कारण 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये मोकळी जागा आहे. अवतरण विसरलात तर 'सी कोलन बॅकस्लॅश प्रोग्रॅम' नावाची कमांड सापडत नाही, ही प्रसिद्ध एरर येते. त्यापुढे स्क्रिप्टचा पत्ता, तोही अवतरणात. तिथे फोल्डरचं नाव न लिहिता 'टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य' लिहिलं. त्याचा अर्थ, ही बॅच फाइल जिथे असेल ते फोल्डर. त्यामुळे उद्या अख्खं फोल्डर डी-ड्राइव्हवर हलवलं तरी या ओळीला स्क्रिप्ट सापडते. त्याच्या लगेच खालच्या ओळीत 'एक्झिट, स्लॅश बी, टक्का एररलेव्हल टक्का', कारण स्क्रिप्ट फसली आणि तिच्याखाली एखादी कॉपीची ओळ असली, तर विंडोजला त्या कॉपीचाच निकाल कळतो आणि सगळं आलबेल वाटतं.

गिटमध्ये दोन बॅश आहेत हेही लक्षात असू द्या. 'बिन'मधलं घ्यायचं, 'यूएसआर'च्या आतल्या 'बिन'मधलं नाही. 'बिन'मधलं सुरू होताना युनिक्सची हत्यारं पाथमध्ये पुढे आणून ठेवतं. आतलं तसंच नुसतं उठवलं तर 'एलएस' सापडत नाही, आणि 'फाइंड' म्हटलं तर विंडोजचं फाइंड धावत येतं. ते फाइली शोधत नाही, फाइलमधला मजकूर शोधतं, आणि 'पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट' म्हणून तोंड फिरवतं. 'सॉर्ट'चंही तसंच आहे, विंडोजचं स्वतःचं वेगळं.

भाच्याला फोन केला. तो आधी जरा घुश्शात होता ("काका, माझ्याकडे तर चालतंय"), पण गिटच्या भांडारात (रिपॉझिटरीत) 'डॉट गिटॲट्रिब्यूट्स' नावाची फाइल टाकायला तयार झाला. तिच्यात एकच ओळ: तारा डॉट एसएच, मग 'टेक्स्ट', मग 'ईओएल इज इक्वल टू एलएफ'. ही ओळ असली की कुणाच्या कॉम्प्युटरवर ऑटोसीआरएलएफ काहीही असो, एसएच फाइली युनिक्सच्याच शेवटाने बाहेर येतात. आधीच बाहेर आलेली फाइल मात्र आपोआप सुधारत नाही, ती एकदा पुसून परत चेकआउट करावी लागते. यादी गाळणारी 'टीआर'ची ओळही त्यानेच आपल्या प्रतीत घेतली, म्हणजे पुढच्या पुलमध्ये ती वाहून जाणार नाही.

टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारा विंडोजचा प्रोग्रॅम, राहिला. रात्रीचं काम तोच करतो. त्यात 'स्टार्ट इन' नावाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर काम सिस्टम३२ मध्ये उभं राहून सुरू होतं, आणि बॅच फाइलमध्ये फोल्डरात जाण्याची ओळ नसेल तर स्क्रिप्टला शेजारची यादी सापडत नाही. दिवसा हाताने चालवलं की चालतं, रात्री चालत नाही, ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच येते. त्या रकान्यात फोल्डरचा पत्ता अवतरणाशिवाय द्यायचा, मध्ये मोकळी जागा असली तरी. अवतरण दिलं तर काम सुरूच होत नाही. दुसरं म्हणजे सर्व्हरचं फोल्डर झेड-ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असेल, तर लॉगिन नसताना चालणाऱ्या कामाला तो झेड दिसत नाही. तिथे सर्व्हरचा पूर्ण पत्ताच द्यावा. आणि कुणाला मुद्दाम डब्ल्यूएसएलमधूनच चालवायचं असेल, तर डिस्ट्रो ज्या युजरने बसवली त्याच्याच नावावर असते. काम 'सिस्टम' खात्यावर लावलं तर ती सापडणार नाही.

जाताना स्क्रिप्टच्या डोक्यावर आणखी एक ओळ टाकली. 'यूनेम डॅश ए'चं उत्तर रोज रात्री लॉग फाइलमध्ये जातं. उत्तराची सुरुवात 'मिंगडब्ल्यू' किंवा 'एमसिस'ने झाली तर गिटचं बॅश. 'लिनक्स' आलं आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट' दिसलं तर डब्ल्यूएसएल. काकूंना लॉग उघडून पहिला शब्द तेवढा वाचायला शिकवलंय. परवा त्यांचा मेसेज आला: "आज मिंगच आहे. पण प्रिंटर चालत नाहीये."